डाव्या अंगाला जैद

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. फेब्रुवारीत सौदी ओलांडून तिथल्या वायव्येच्या घळींपर्यंत मोटारसायकलवर जायचं. जूनमध्ये इथली, आखातातली, मेसईदच्या प्लांटमधली नोकरी संपते, मग नाशिकला परत, मग गुडघ्यांची दुखणी. एकदाच होणारी गोष्ट, तेव्हा नोंद असावी.

माणसं चार. मी. विल्यम, मूळचा वसईचा, इथे एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, माझा जुना मित्र. त्याची बायको मर्सी, तिथेच इमर्जन्सीत नर्स, आणि खरं सांगायचं तर गाडी त्याच्यापेक्षा बरी चालवते. चौथा जैद, खेडचा. मुशैरिबमधल्या एका हॉटेलात रिसेप्शनला असतो. तिशीही गाठलेली नाही, मोठी गाडी हातात आल्याला फार दिवस झाले नाहीत. पुढे मी, माझ्यामागे जैद आणि विल्यम, शेवटी मर्सी. पुढे मीच असतो. कोणी कधी तसं ठरवलं नाही, पण असतो.

त्याआधी जानेवारीत एक मोठा सराव. झिक्रीतच्या पलीकडे, चुनखडीच्या कड्यांमध्ये मुक्काम.

आज बेसमेंटमध्ये कारचा डावा आरसा खांबाला घासला. खांब गडद राखाडी रंगवला आहे, तिथल्या उजेडात दिसणार कसा? पूर्णिमा म्हणाली, "अहो, हा तिसरा." दुसरा. आधीचा ओरखडा शेजाऱ्याने काढला, तो कबूल करत नाही एवढंच.

शनिवार, ७ डिसेंबर

काल वल्लरीला आणायला वक्राच्या मेट्रो स्टेशनवर गेलो. बाईसाहेब दाराशी उभ्या राहून हात करत होत्या म्हणे, आणि मी शेजारून निघून गेलो. गाडीत फुगून बसली. "बाबा, आय वॉज राइट देअर. यू जस्ट वॉक्ड पास्ट मी."

मी म्हटलं, "मोठ्याने हाक मारायची. तोंड आहे ना?"

"आय डिड!"

तिथे गर्दी फार असते.

रात्री जेवताना पूर्णिमाने माझा पाण्याचा पेला डावीकडचा उचलून उजवीकडे ठेवला. विचारलं, तर म्हणाली, "उगाच." हल्ली तिचं उगाच फार वाढलं आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

दुखानच्या रस्त्यावर सराव. सगळं उत्तम चाललं होतं, पण जैदने घोळ घातला. मी लेन बदलायला डावीकडे वळलो तर हा पठ्ठ्या तिथेच. हॉर्न नाही, काही नाही. त्याने ब्रेक मारला, मागचं चाक फरफटलं, पडता पडता वाचला. पेट्रोल पंपावर थांबून चांगला झापला त्याला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. "हॉर्न मारला होता वो भाई," एवढंच म्हणाला.

हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज असतो. तो जवळ आल्यावर मारला असेल.

मर्सी माझ्याकडे बघत होती. पंपावर मी तिच्या हातून कॉफी घेताना कप सांडला, मी धरायच्या आतच तिने तो सोडला होता.

सोमवार, १६ डिसेंबर

मर्सीचा फोन. "शशीभाऊ, रागावू नका. डोळे कधी तपासलेत?"

सांगितलं, सप्टेंबरमध्ये. चष्म्याच्या दुकानात. शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली, प्रत्येक डोळ्याने वेगळी.

"अक्षरं नाही हो. बाजूचं दिसतं का, ते वेगळं तपासतात. आमच्याकडे डॉक्टर आहेत, मी नंबर लावते."

मला का राग आला कळत नाही. मी आयुष्यभर प्लांटमधली मीटरं तपासली आहेत. कुठलं खरं दाखवतं आणि कुठलं नाही, ते मला कळतं. मी म्हटलं, "मर्सी, तू नर्स आहेस, डॉक्टर नाहीस."

मग, "बरं, शशीभाऊ."

हे बोलायला नको होतं. पण तिनेही प्रत्येक गोष्टीत हॉस्पिटल आणू नये.

शुक्रवार, २७ डिसेंबर

आजच्या सरावात जैद माशीसारखा चिकटला होता. सारखा माझ्या डावीकडे. हळू गेलो की हळू, जोरात गेलो की जोरात. थांबल्यावर विचारलं, "तुझी जागा मागे आहे ना?"

"तुमचं बघून शिकायचं हाय वो. हितनं बरं दिसतं."

आता यावर काय बोलणार? शिकू दे. पोरगा चांगला आहे. घरी बायको आहे, सुमैया, सहावा महिना चालू आहे. मार्चमध्ये रजा घेऊन खेडला जाणार.

विल्यम म्हणाला, "शशी, जानेवारीचा मोठा सराव झाला की लगेचच्या सोमवारी माझ्याबरोबर एका ठिकाणी यायचं. नाही म्हणायचं नाही." बहुतेक नवीन तंबू बघायचा असेल. हो म्हटलं.

शुक्रवार, १० जानेवारी. कॅम्प

सूर्य बुडायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात लिहून घेतो.

पोचलो. काय जागा आहे! पाण्याने आणि वाऱ्याने कापलेले पांढरे कडे, वर टोपी घातल्यासारखे दगड, मधून सपाट वाळूच्या गल्ल्या. कडे दोन-तीन मजल्यांएवढेच, पण खाली उभं राहिलं की आभाळाची फक्त पट्टी दिसते. दूर सपाटीवर उंटांची रांग. मोबाइलला रेंज नाही, तीही चैनच.

शेवटचा तुकडा वाईट होता. एका वळणावर मर्सीने मागून सारखे दिवे मारले, मी थांबलो, तर म्हणते, "भाऊ, दगड होता डावीकडे. मोठा." मला तर रस्ता मोकळाच दिसला होता. परत जाऊन बघण्याइतका वेळ नव्हता.

तंबूची एक दोरी पायात येऊन मी कोसळलो, शेगडीवरचा चहा सांडणार होता, जैदने उघड्या हाताने भांडं धरलं. हात पोळला. मर्सीने मलम लावलं. लावताना ती आणि विल्यम हळू आवाजात भांडत होते. मी जवळ गेल्यावर गप्प झाले. नवरा-बायकोचं काहीतरी असेल. उद्या कड्यामधल्या वाटेने समुद्राच्या बाजूला नेणार आहे त्यांना. चार वर्षांपूर्वी मी एकटा गेलो होतो तिथून. ते बघितलं की सगळ्यांचा मूड सुधारेल.

सोमवार, १३ जानेवारी

शनिवारचं आज लिहितो आहे. काल लिहायला बसलो होतो, जमलं नाही.

सकाळी वायव्येचा वारा सुटला होता. तंबू फडफडत होते, हवेत धूळ होती. मर्सी म्हणाली, आल्या वाटेने परत जाऊ. विल्यमही तेच म्हणाला. मी म्हटलं, फेब्रुवारीत वारा सुटला तर काय तंबूत बसून राहणार आहोत?

ती वाट म्हणजे कड्याच्या अर्ध्या उंचीवरून गेलेली रुंद पायरी. एक जीप कशीबशी जाईल. उजवीकडे भिंत. डावीकडे तुटलेलं, खाली दगड.

"मग पुढे मी जाते," मर्सी म्हणाली.

"तू शेवटी. ठरलं आहे."

तिने विल्यमकडे पाहिलं. विल्यम हेल्मेटचा पट्टा लावत होता, त्याला तो सापडतच नव्हता. "विल्यम, बोल ना काहीतरी!" ती म्हणाली.

जैदनेच वाद तोडला. "मी भाईंच्या बाजूने जातो. यल्ला, उशीर नको."

वाटेवर तो माझ्या डावीकडे, तुटलेल्या अंगाला आला. मला वेडेपणा वाटला. हाताने खूण केली, मागे जा. गेला नाही. ओरडलो. तरी नाही. मध्येमध्ये हॉर्न वाजवत राहिला. मी चिडलो होतो, म्हणून असेल, वेग थोडा वाढवला.

हेल्मेटच्या काचेवर धुळीचा थर बसला. पुसून जाईना, म्हणून काच वर केली. त्याच क्षणी उजव्या डोळ्यात वाळू गेली. मूठभर असावी असं वाटलं. डोळा मिटला तो उघडेना.

डावा उघडा होता. मला वाटलं, धुळीचा मोठा लोट आला. डोळा फाडून बघितलं. समोर रुपयाएवढं भोक होतं. भोकात वाटेचा एक तुकडा आणि एक पांढरा खडा, इतका स्वच्छ की त्याच्यावरची रेघ दिसत होती. आणि भोकाभोवती काही नाही. अंधारही नाही. भिंत नाही, कडा नाही, माझे स्वतःचे हात नाहीत.

ब्रेक दाबला. गाडी थांबली. डावा पाय टेकवला तर जमीन उतरती होती. सामानाने भरलेली गाडी डावीकडे कलली.

"भाई, डावीकडे नको! मी हाय हितं, धरलंय, सोडू नका!"

आवाज ऐकू येत होता. माणूस नव्हता. मी मान फिरवली, रुपयात वाळू आली, आभाळ आलं, जैद आला नाही. डावीकडून काहीतरी गाडीला रेटत होतं. आता समजतं की तो स्वतःची गाडी उभी करून धावत आला होता आणि खांदा लावून माझी गाडी तोलत होता. तेव्हा समजलं नाही. तेव्हा इतकंच वाटलं की मी पडतो आहे आणि कोणीतरी ढकलतं आहे. मी क्लच सोडला आणि उजव्या मुठीला जोरात पीळ दिला.

गाडी डावीकडे उसळली आणि माझ्या मांड्यांमधून निघून गेली. मी उजवीकडे आपटलो, हाताला भिंतीचा दगड लागला. खाली पत्रा दगडावर आदळत गेल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. मग थांबला. जैदच्या गाडीचं इंजिन मागे अजून चालू होतं.

"जैद," मी म्हटलं.

मर्सी मला ओलांडून पळत गेली.

तो खाली दगडांत होता, पण जिवंत होता. गाडी त्याच्या अंगावर पडली नव्हती, बाजूला पडली होती. पाय गुडघ्याखाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. विल्यमने मला हात धरून उतरवलं. मर्सीने तंबूच्या काठ्या मागवल्या, पाय बांधला. बांधताना जैद जे ओरडला ते लिहीत नाही.

रेंज नव्हती. कोणीतरी हमरस्त्याकडे जायला हवं होतं. तोवर मी डोळा धुतला होता, लाल झाला होता पण उघडत होता. मी म्हटलं, "मी जातो. मला वाट माहीत आहे. विल्यम, किल्ली दे."

हे मी खरोखर म्हटलं.

मर्सी उठली. तिच्या हाताला रक्त होतं. "उजवा डोळा झाका."

"आता काय हे, मर्सी? वेळ—"

"झाका!"

झाकला.

"किती बोटं?"

"कुठे आहेत बोटं?" मी म्हटलं. "तू कुठे उभी आहेस?"

मला वाटलं होतं ओरडेल. तिने हळूच माझा हात खाली घेतला, आणि ती माझ्या अगदी जवळ, डाव्या खांद्यापुढे, हातभर अंतरावर उभी होती.

"जैदपाशी बसा," ती म्हणाली. "त्याला हलू देऊ नका, झोपू देऊ नका. एवढं करा."

ती गेली. विल्यम कड्याच्या माथ्यावर चढला, गाडी दिसली तर खूण करायला. मी जैदचा हात धरून बसलो. तोच हात, आदल्या दिवशी पोळलेला. मी दुसरा धरला.

वारा वाढत होता. मी माझं जॅकेट त्याच्यावर टाकलं आणि पाठीने धूळ अडवली. त्याचे ओठ राखेसारखे झाले होते.

"गाडी गेली काय वो तुमची?"

"जाऊ दे गाडी. तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"तू डावीकडे कशाला आलास? मागे जा म्हणून किती ओरडलो."

त्याने डोळे मिटले. मी हलवला तसे उघडले. "मर्सीताईंनी सांगितलान होतं. भाईंना त्या अंगाचं दिसत नाय, आपण तिकडं राहायचं. सोमवारपर्यंतचा तर प्रश्न हाय."

"आणि मला नाही सांगायचं?"

"ताईंनी सांगितलान ना तुम्हाला. तुम्ही ओरडलात." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त आठवून सांगत होता. "मला पण ओरडलात, पंपावर."

मी जॅकेट त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं. मग तोच म्हणाला, "थंडी वाजते वो," आणि त्याचे दात वाजू लागले. मी त्याच्याशेजारी आडवा झालो आणि त्याला धरून राहिलो. सुमैयाबद्दल विचारत राहिलो. मुलगी हवी का मुलगा? नाव ठरलं का? एकदा त्याने उत्तर दिलं नाही. मी हाका मारल्या. पुन्हा दिलं नाही. मी कुठल्या देवाला काय बोललो ते आठवत नाही. मग तो म्हणाला, "ऐकतोय वो. कानात नका ओरडू."

आधी मोटारसायकलचा आवाज आला, मग मोठ्या गाडीचा. मर्सी ॲम्ब्युलन्सच्या पुढे होती, वाट दाखवत, दिवे लावून.

स्ट्रेचरवर घेताना त्यातल्या एकाने हिंदीत विचारलं, कसा पडला? मी तोंड उघडलं. जैद म्हणाला, "मैं फिसला."

मी तोंड मिटलं.

मंगळवार, १४ जानेवारी

डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. पूर्णिमाने गाडी चालवली. उतरताना तिने माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि म्हणाली, "आज संक्रांत आहे." दोघांनाही पुढचं म्हणता आलं नाही.

एका यंत्रात हनुवटी ठेवायची आणि बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी मला वाटलं, यंत्र बंद पडलं. नर्सला तसं म्हणालोही.

काचबिंदू. डोळ्यामागची नस वर्षानुवर्षं मरत असते, दुखत नाही, खुपत नाही. डाव्या डोळ्याची जवळजवळ गेली. मधलं तेवढं उरलं, म्हणून अक्षरं वाचता आली. उजवा डोळा दोघांचं काम करत होता, म्हणून कळलं नाही. उजव्यातही सुरू झालं आहे. गेलं ते परत येत नाही. राहिलं ते थेंबांनी आणि ऑपरेशनने टिकेल, इन्शाल्ला, डॉक्टर म्हणाले. गाडी बंद. दोन चाकी, चार चाकी, सगळी.

बाहेर विल्यम उभा होता. "हाच नंबर होता," तो म्हणाला. "काल सोमवारचा. तुझ्यासाठी मी लावला होता."

"मला वाटलं तंबू."

तो हसला नाही. "मर्सी म्हणत होती, ट्रिप रद्द कर, त्याच्या तोंडावर सांग. मी म्हटलं, तीन दिवसांनी काय होतं? शशीशी भांडण नको. ती माझ्याशी बोलत नाही आता." त्याने चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे तिचं."

मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा चुकून मानेवर पडला.

बुधवार, २२ जानेवारी

जैदच्या पायात सळई बसवली. चालता येईल, लंगडेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मार्चमध्ये बाळाच्या वेळी खेडला पोचणं अवघड. आज मेट्रोने गेलो त्याला भेटायला, वल्लरी बरोबर होती. जिना आला की ती "स्टेप" म्हणायची, बाकी काही नाही. मी एकदाही चिडलो नाही. आतून चिडलो.

मी जैदला म्हणालो, तू सगळीकडे मीच घसरलो म्हणून सांगतो आहेस, ते बंद कर. तो म्हणाला, "खलास ना भाई. झालं ते झालं. उगाच घरी कशाला टेन्शन? ती पोटुशी हाय."

तेवढ्यात त्याच्या फोनवर सुमैयाच होती. त्याने बोलून फोन माझ्याकडे दिला. "तुमच्याशी बोलायचं म्हणते."

मी तिला कधी पाहिलेलं नाही. आवाज बारीक, पण घाबरलेला नव्हता.

"शशीभाई, मला एक सांगा. हे कधी घसरत नायत. मी यांच्यामागे बसून अख्खा घाट उतरलेय. काय झालं खरं?"

जैद हाताने नको नको करत होता. तो माझ्या उजवीकडे बसला होता, मला स्वच्छ दिसत होतं.

मी सांगितलं. गाडी, डोळा, खांदा, पीळ. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मागे कोणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं.

"एवढं दिसत नव्हतं," ती म्हणाली, "तर तुम्हाला कुणीच सांगितलं नाय?"

नाही म्हणायला तोंड तयार होतं. डॉक्टरांनीही सांगितलंच होतं, कळत नाही म्हणून, यात रुग्णाचा दोष नसतो म्हणून. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"सगळ्यांनी सांगितलं," मी म्हटलं.

तिकडे भांडी पुन्हा वाजू लागली.

"मग आता मी सांगते ते ऐका. त्यांना चालता येईल तेव्हा एकट्यांना पाठवायचं नाय. तुम्ही स्वतः घेऊन यायचं, खेडपर्यंत, माझ्या दारात. तोवर तुमचे डोळे सांभाळा. फोन त्यांना द्या."

मी फोन दिला. माफ केलं की नाही ते काही तिच्या आवाजावरून कळलं नाही. जैदने विचारलं, "काय म्हणाली?"

"बोलावलंय," मी म्हटलं, आणि वल्लरीला विचारलं, मुंबईच्या विमानात दोन जागा शेजारी शेजारी आधीपासून ठेवता येतात का.